बेंड्स झाले तर परत खाली जा? प्लीज नका जाऊ!

बेंड्स म्हणजे डाइव्हवरून वर आल्यावर अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे दुखणं, मुंग्या येणं. त्यावर स्कूबावाल्यांमधे सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. "खोल समुद्रात बेंड्स झाले तर घाबरू नका, नवी टाकी लावून परत खाली जा, बुडबुडे विरघळतात. शिवाय बोटीवर ऑक्सिजन असतोच आणि कॉल केला की हेलिकॉप्टर येतं." वाचून पोटात गोळा आला.

खाली गेल्यावर दाबाने बुडबुडे आकसतात आणि थोडं बरं वाटतं, एवढं खरंय. पण टाकीत साधी हवा असते, म्हणजे 78 टक्के नायट्रोजन, म्हणजे ज्याने त्रास झाला तोच आणखी अंगात भरून घ्यायचा आणि वर येताना परत तेच. चेंबरमधे, म्हणजे दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत, नेहमीच्या उपचारात 18 मीटर खोलीइतक्या दाबापासून सुरू करून पावणेपाच तास लागतात, बहुतेक वेळ शुद्ध ऑक्सिजनवर, कोरड्यात, डॉक्टरच्या नजरेखाली. समुद्रात बोटं बधिर झालेला माणूस तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारा तुकडा) धरून ठेवेल का? शुद्ध हरपली की बुडालाच. ट्रेनिंग घेतलेल्या टीम्स 9 मीटरवर ऑक्सिजन आणि फुल फेस मास्क वापरून हे करतात, पण ते वेगळं, नुसती टाकी लावून उडी मारणं वेगळं.

"ऑक्सिजन असतोच", पण किती? 400 लिटरची बाटली मिनिटाला 15 लिटरने 27 मिनिटांत संपते. किनारा 3 तास लांब असेल तर एकाला 2700 लिटर लागतो, आणि बडीनेही (जोडीदारानेही) तोच डाइव्ह केलेला असतो हे धरा. आमच्या एका ट्रिपला मित्राचा खांदा दुखायला लागला, तो म्हणे टाकी उचलताना लचकला असेल, अर्ध्या तासाने बोटांना मुंग्या आल्या तेव्हा ऑक्सिजनची पेटी उघडली तर बाटली उघडायची चावीच नाही! शेवटी इंजिनाच्या हत्यारांत सापडली. तो बरा झाला, पण तेव्हापासून निघण्याआधी मी स्वतः बाटली उघडून, मास्क लावून बघतो.

राहिलं हेलिकॉप्टर. तिथे मोबाईलला रेंज नसते, बोटीच्या व्हीएचएफ रेडिओचा मदतीचा चॅनल 16 पण जवळच कोणी असेल तरच ऐकणार, म्हणून उपग्रहाला सिग्नल देणारा 406 मेगाहर्ट्झचा बीकन हवाच. आणि हेलिकॉप्टर आलंच तर पायलटला आधी सांगा की पेशंट डायव्हर आहे, शक्यतो 300 मीटरच्या खालूनच न्या, उंचावर दाब कमी झाला की बुडबुडे पुन्हा फुगतात.