एक स्टार दिलेल्या दादांना: ती टेप गुंडाळलेली पक्कड आधी बाजूला ठेवा

नमस्कार दादा, सांगलीच्या गणपती पेठेतल्या हत्यारांच्या दुकानाचा मालक बोलतोय. तुम्ही आमच्या दुकानाच्या रिव्ह्यूत लिहिलंय की ८५० रुपयांची पक्कड घेतली, बाहेर तसलीच २५० ला मिळते, दोन महिन्यात मूठ चिरली, बदलून मागितली तर दुकानातल्या पोराने हाकलून लावलं आणि हा पुरात भिजलेला माल असणार. स्टारचं नंतर बघू, तुमच्या फोटोत मुठीला काळी टेप दिसतीय आणि टेपच्या कडेला पिवळं दिसतंय, ते बघून मला रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी हे लिहितोय.

त्या मुठीला दोन थर असतात, वर लाल आणि आत पिवळा, आणि ते शोभेसाठी नसतंय. वरचा थर झिजला, चिरला की पिवळा दिसायला लागतो आणि पिवळं दिसलं की पक्कड बाद, चालू लाईनवर परत लावायची नाही. टेपने ती दुरुस्त होत नाही. घामाने टेप सरकते, कडेला सुटते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जो पिवळा रंग तुम्हाला सावध करणार तोच झाकून टाकते. तुम्ही लिहिलंय द्राक्षबागेत मोटरच्या स्टार्टरवर वापरता. म्हणजे थ्री फेज, ४१५ व्होल्ट, रात्रीची लाईट आणि पायाखाली ओली माती. दादा, तिथं चूक झाली तर सावरायला वेळ मिळत नाही हो.

दराचं म्हणाल तर २५० वाली पण माझ्याकडे आहे, लपवत नाही. तिच्यावरचं प्लास्टिक हाताला पकड यावी म्हणून असतं, करंट अडवायला नाही. तुमच्या पकडीवर दोन त्रिकोण आणि १००० व्होल्ट असं छापलंय ते बघा. ही खूण आयईसी ६०९०० ची, म्हणजे करंट अडवणाऱ्या मुठीच्या (इन्सुलेटेड) हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची. त्यात एसी १००० आणि डीसी १५०० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी हत्यार बनवतात आणि तपासणी मात्र १०,००० व्होल्टला करतात, नमुन्याची तर २४ तास पाण्यात ठेवून. पैसे त्या तपासणीचे आहेत. तरीपण पुढचं तोंड उघडं लोखंडच असतं, ११ केव्हीच्या म्हणजे ११,००० व्होल्टच्या लाईनजवळ तर ही न्यायचीच नाही, आणि लाईट बंद करून टेस्टर लावून बघितल्याशिवाय हात घालायचा नाही हे माझ्या वडिलांपासून आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलोय.

पुराचं तुम्ही बोललात ते मनाला लागलं. २०१९ ला दुकानात पाणी होतं हे सगळ्या सांगलीला माहितीय. पण गाळात बसलेल्या त्या मुठीत काय शिरलंय ते दुकानात बसून कळत नाही, तपासायचं मशीन माझ्याकडे नाही, म्हणून इन्सुलेटेड हत्यारं सगळी भंगारात दिली, मुठी कापून दिली, कुणी परत विकू नये म्हणून. नुकसान झालं, झालं.

पोराची चूक मात्र शंभर टक्के आमची. "इलेक्ट्रिकचा माल परत होत नाही" म्हणून त्याने न बघताच तुम्हाला परत पाठवलं, खरं तर पिवळं दिसल्यावर त्याने पक्कड तिथंच ठेवून घ्यायला पाहिजे होती. त्याला बोललोय. तुमची माफी मागतो.

पक्कड घेऊन या, बिल नसलं तरी चालेल. मूठ मुळातच खराब निघाली असेल तर नवीन देतो. हातोडीसारखी ठोकल्यामुळे किंवा पत्र्याला घासून चिरली असेल तरी वाद घालणार नाही, माझ्या खरेदीच्या दरात दुसरी देईन. रविवारी बंद असतं, बाकी दिवस मी काउंटरवरच असतो. आणि तोपर्यंत ती स्टार्टरच्या पेटीत ठेवू नका, घरातलं दुसरं कुणीतरी अंधारात तीच उचलेल.