फाउंड्रीचा ब्रेक आणि कारखान्याचा ऑफ सीझन

परवा कोल्हापुरात गंगावेशीत दूध पिताना एक मित्र म्हणाला, "2023-24 ला देशातली बेकारी 3.2 टक्क्यांवर आली होती, तुम्ही लोक उगाच रडताय."

म्हटलं, कुठल्या धंद्यातली ते सांग की मर्दा!

साखर कारखान्यातला हंगामी कामगार दर उन्हाळ्यात घरी बसतो. पण धुराडं पुन्हा कधी पेटणार याचा त्याला अंदाज असतो आणि वर रिटेन्शनचे, म्हणजे बंद काळातले, थोडे पैसे मिळतात. त्या हिशेबावर घर चालतं. फाउंड्रीला, म्हणजे लोखंड वितळवून गाड्यांचे भाग ओतणाऱ्या कारखान्याला, असला हंगाम नाही; गाड्या खपल्या तरच काम. 2019-20 मध्ये देशातली ट्रक-बसची विक्री जवळपास 29 टक्क्यांनी पडली. इकडं ऑगस्टात महापूर. पाणी उतरलं, हायवे सुरू झाला, पण ऑर्डरी काही येईनात. माझा चुलतभाऊ एका फाउंड्रीत ठेकेदाराकडं फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, होता. "आठ दिवस ब्रेक घे" म्हणून घरी धाडला, तो ब्रेक चार महिने चालला! हातात एक रुपया नाही.

आता गंमत बघा. तो घरच्या म्हशी बघायला लागला, डेअरीला दूध घालायला लागला. सरकारी पाहणीत घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाराही रोजगारातच धरतात. म्हणजे कागदावर गडी बेकार नव्हताच.

अमेरिकेत बेकाराला त्याचं शेवटचं काम कुठल्या धंद्यात होतं ते विचारतात आणि धंद्यानुसार बेकारीचा दर दर महिन्याला छापतात. फेब्रुवारी 2010 मध्ये देशाचा दर 10 टक्क्यांच्या आसपास, बांधकामात मात्र 27. एप्रिल 2020 मध्ये हॉटेल-करमणुकीत 39. देश तोच, दहा वर्षांत मार खाणारा धंदा बदलला. आपल्याकडं चर्चा होते ती एकाच आकड्याची. त्यात शिरोलीच्या फाउंड्रीतला मोल्डर, इचलकरंजीचा मागवाला आणि कागलचा ऊसवाला सगळे एकाच कढईत.

आणि कोल्हापूरची कापडाची शाहू मिल? 1906 ला पाया घातलेली, 2003 ला बंद पडली. ती मंदीही नव्हे आणि ऑफ सीझनही नव्हे. पन्नाशीच्या साचेवाल्याला, म्हणजे मागावरच्या कामगाराला, दुसरं कोण काम देणार होतं? माझ्या मते या तीन बेकाऱ्यांना एकच नाव देणं हाच घोटाळा आहे. साखरवाल्याला ऑफ सीझन तगवायला पैसे लागतात, फाउंड्रीवाल्याला ठेकेदाराच्या वहीत नाव लागतं, मिलवाल्याला नवा धंदाच शिकावा लागतो.

भाऊ सध्या परत फेटलिंगला जातोय, ओव्हरटाइमसकट. काकी म्हणते, आता म्हशी काढून टाकूया. तो काही विकू देत नाही.