शॉकअपचं दुखणं

भर रविवारी आमच्या पार्किंगमध्ये पन्नाशीतला एक माणूस हेल्मेट, गुडघ्यांना गार्ड आणि पोटरीपर्यंतचे बूट अशा जामानिम्यात उभ्या मोटारसायकलवर बसला होता. त्याची बायको शिवणाची टेप घेऊन पुढच्या चाकापाशी वाकली होती. तो माणूस मी.

"कुठं निघालात?" तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं.

"कुठंच नाही."

"मग उतरा की."

काकांना काय सांगणार! सुरुवात झाली ती पावसाळ्यात. साताऱ्याच्या बोगद्यातून सज्जनगड, ठोसेघर करत चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांपर्यंत चिखल तुडवून आलो आणि गाडी न धुता तशीच लावली. तांबडा चिखल पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपवर वाळला, की गाडी दबताना त्याची माती आतलं तेल अडवणाऱ्या रबरी सीलच्या ओठात शिरते. आठवड्याने उजव्या पाइपवर तेलाची रेघ दिसली. (या पुढच्या शॉकअपला फोर्क म्हणतात, पण साताऱ्यात फोर्क म्हटलं की गॅरेजवाला आपल्याला शिकलेला समजतो आणि बिल त्या मानाने करतो.) हेच तेल ओघळून ब्रेकच्या डिस्कवर आलं, तर गाडी यवतेश्वरच्या घाटात थांबायचं विसरते.

यावर एक फुकटचा उपाय आहे. एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापायची, टोकाला आकडा करायचा, सील आणि पाइपच्या मधून गोल फिरवायची. माती आकड्याला लागून बाहेर येते. घरात एक्स-रे एकच, आईच्या गुडघ्याचा. कोपऱ्यातून पट्टी कापली, ती दुमडली. दुसरी जरा आतून कापली. गळती थांबली! आठ दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो. नवव्या दिवशी डावा पाइपही ओला.

म्हटलं, आता सीलच बदलू, घरीच. खालचा अ‍ॅलन बोल्ट सोडायला घेतला, तर तो नुसताच गरागरा फिरायला लागला, कारण आतला रॉडही त्याच्याबरोबर फिरत होता. अडीच तास आम्ही तिघं फिरत होतो. शेवटी शॉकअपचे दोन्ही पाय काढून, पोत्यात घालून गॅरेजमध्ये नेले. मेकॅनिकने हवेची गन लावली. टर्रर्र. दोन सेकंद.

"सर, दोन्हीकडची सीलं टाका. एक बैल नवा न् एक म्हातारा, औत सरळ चालंल व्हय?"

पाइपच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, वर ग्रीस चोपडून त्याने सीलं अशी अलगद सरकवली, की बाळाला टोपडं घालावं. मग तेलाचा डबा उचलला आणि अंदाजपंचे दाहोदरसे ओतायला लागला. मी हात धरला. तेल मिलिमीटरवर मोजायचं असतं: स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण दाबलेला, आणि वरच्या कडेपासून तेलापर्यंत पट्टी. तेल चढलं की वरची हवा कमी उरते, आणि शॉकअप शेवटी शेवटी दगड होतो. "मोजा तुम्हीच," म्हणून तो चहाला गेला.

तर पार्किंग. माझ्या गाडीचा पुढचा शॉकअप एकूण १९० मिलिमीटर दबतो. त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा स्वार नुसता बसल्यावर दबावा. आधी मुलाने आणि काकांनी हँडल उचलून चाक अधांतरी धरलं, तेव्हा एक माप. मग मी बसल्यावर दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे शॉकअप किती दबला ते. स्वार पूर्ण सामानासकट हवा, म्हणून तो अवतार.

"अठ्ठ्याहत्तर," बायको म्हणाली.

"त्रेसष्टच्या आत पाहिजे. स्प्रिंग मऊ आहे."

"स्प्रिंगला कशाला नावं ठेवता? कंदी पेढे स्प्रिंगने खाल्ले का?"

वजन आठवड्यात उतरणारं नव्हतं. स्प्रिंगवर नळाच्या पीव्हीसी पाइपचे २० मिलिमीटरचे तुकडे बसवले. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, असते तेवढीच राहते. गाडी तेवढी वर उचलली जाते. पुन्हा हेल्मेट, पुन्हा बूट, पुन्हा काका. साठ! यवतेश्वरचे खड्डे त्या संध्याकाळी मला गादीसारखे लागले.

घरी आलो तर आई तयार होऊन बसलेली. हाडांच्या डॉक्टरांनी नव्या एक्स-रेशी ताडून बघायला जुना मागवला होता. पाकीट तिच्या मांडीवर होतं. तिने फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली. मांडीचं हाड होतं, नडगी होती. मध्ये भोक होतं, आणि त्यातून काकांची गॅलरी दिसत होती.