पावती आहे म्हणून तस्करी नाही?

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: स्मगलिंग म्हणजे बंदी असलेला माल आणणं, त्यामुळे दुबईत पावती घेऊन विकत घेतलेलं सोनं त्यात येत नाही, ‘तस्कर’ हा शब्द इंग्रजांनी आपल्या व्यापाऱ्यांना चिकटवला, आणि १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर तस्करी संपलीच. आपल्याकडून कितीतरी मुलं नोकरीसाठी आखातात जातात. त्यांनी यावर विश्वास ठेवू नये, म्हणून हे लिहितोय.

घातक आहे तो पहिला मुद्दा. सीमाशुल्क कायदा, १९६२ मधलं कलम २(३९) सांगतं की ज्या कृतीमुळे, किंवा करायला हवी ती कृती न केल्यामुळे, माल कलम १११ किंवा ११३ खाली जप्तीस पात्र ठरतो, ती तस्करी. बंदीचा माल त्यात येतोच, पण लपवून आणलेला, जाहीर न केलेला, खोटी किंमत दाखवलेला मालही येतो. दुकानाची पावती सोनं तुम्ही विकत घेतलंत एवढंच सांगते. शुल्क भरल्याचं सांगत नाही. आणि कलम १२३ मुळे, तस्करीच्या संशयावरून जप्त केलेलं सोनं तस्करीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर येते. कलम ११३ तर निर्यातीचं आहे. न्हावा शेवा बंदरात कंटेनरमध्ये दडवलेलं रक्तचंदन पकडलं जातं, ते बाहेर जाणारा माल म्हणूनच.

शब्दाचं म्हणाल तर, कोपिनेश्वर मंदिरात रुद्र ऐकलेल्या ठाणेकराला ‘तस्कराणां पतये नमः’ माहीत असतं. तस्कर म्हणजे चोर, आणि हा शब्द वेदकाळापासून आपलाच आहे. ‘स्मगल’ इंग्रजीत आला तो डच आणि उत्तर जर्मनीच्या बोलींकडून. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या फर्मानात तो दिसतो, राजाचं शुल्क बुडवणाऱ्या इंग्लंडमधल्याच लोकांसाठी. म्हणजे तिथेही सुरुवातीपासून प्रश्न शुल्काचा होता. पुढे ब्रिटनमध्ये चहावरचं शुल्क ११९ टक्क्यांवर गेलं आणि चोरटा चहा घरोघरी पोचला. १७८४ मध्ये ते १२.५ टक्क्यांवर आणल्यावर तो धंदा बसला.

१९९१ चा मुद्दा अर्धा खरा आहे. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, आयात खुली होत गेली आणि सोन्याची तस्करी ओसरली. पण २०१२ च्या सुरुवातीला २ टक्के असलेलं शुल्क ऑगस्ट २०१३ पर्यंत १० टक्के झालं आणि ती पुन्हा फोफावली. २०२२ मध्ये एकूण भार १५ टक्क्यांवर गेला, जुलै २०२४ मध्ये ६ वर आला.

तेव्हा निघताना कुणी ‘एवढं पाकीट घेऊन जा, तिकिटाचे पैसे देतो’ म्हणालं, तर घेऊ नका. स्वतःचं सोनं शुल्कमाफीच्या मर्यादेबाहेर असेल तर रेड चॅनलने, म्हणजे विमानतळावर शुल्क लागणारा माल जाहीर करायच्या वाटेने, जा आणि जाहीर करा. शुल्क भरायचं नसेल तर खरं जाहीर केलेली वस्तू कस्टम्सकडे ठेवून परत जाताना नेण्याची विनंती कलम ८० खाली करता येते. लपवून नेताना सापडलात तर कलम १३५ आहे: गंभीर प्रकरणात सात वर्षांपर्यंत कैद.