शेत नकाशात तरी राहू द्या

आमच्या भाजीवाल्या दादांनी आज पालक आणला नाही आणि त्याचे कारण ऐकल्यापासून माझे डोके तापलेले आहे. इंदूरच्या कडेला, बिचोलीच्या पुढे त्यांची थोडी जमीन आहे. शेताच्या वरच्या अंगाला नवी कॉलनी कापली गेली, तिथला नाला मुरूम टाकून बुजवला, आणि आता पावसाचे पाणी थेट त्यांच्या वाफ्यांत येऊन तुंबते. काळी माती ती, पाणी लवकर सोडत नाही. पालक उभ्या उभ्या कुजला. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, ‘विकून टाका, भाव चांगला आहे.’

हे इंदूरमध्ये घडते आहे! 1924 ते 1931 या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथेच, होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर, कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून तीनेक महिन्यांत खत करत होते, आणि ती रीत जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. 2022 पासून देवगुराडियाच्या प्रकल्पात रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा गॅस करण्याची सोय झाली. उरलेल्याचे खत होते. कचरा वेगळा करून देण्याचा अभिमान आपणा सर्वांनाच आहे, पण शहराभोवतीची शेते संपल्यावर ते खत कोणाच्या वाफ्यात पडणार?

मध्य प्रदेशच्या 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश (शहर आणि गाव नियोजन) कायद्याखाली होणाऱ्या शहराच्या विकास आराखड्यात शेतीची जमीन राखता येते. प्रत्यक्षात मात्र नकाशातला शेतीचा पट्टा म्हणजे पुढच्या आराखड्याची वाट पाहत पडलेले प्लॉट, असेच आपण सारे धरून चालतो. इंदूरच्या आराखड्याच्या हद्दीत, म्हणजे नियोजन क्षेत्रात, आणखी 79 गावे घेतली, तेव्हा आपल्या ओळखीतल्या किती जणांनी तिथे काय पिकते असे विचारले, आणि किती जणांनी जमिनीचा दर विचारला?

लोकांना घरे लागतात, आणि पुष्कळ शेतकऱ्यांना जमीन विकायचीच असते, हे मान्य. पण दादांना विकायची नाही. वडिलांनी खणलेल्या विहिरीला अजून पाणी आहे, मुलगा शेतात राबतो, आणि पहाटे खुडलेली मेथी सकाळी आपल्या दारात येते. याहून टिकाऊ शेती कोणती असते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. रागावलेसुद्धा नाहीत ते. उलट उद्या मंडीतून पालक आणून देतो म्हणाले.

आराखडा करणाऱ्यांनी प्रत्येक नाला आणि त्याच्या दोन्ही काठांची पट्टी नकाशात मोकळी दाखवावी आणि कॉलनीला परवानगी देताना पाणी खालच्या शेतात जाणार नाही याची जबाबदारी लेखी घ्यावी. शहराचे खत आधी याच गावांना मिळावे, आणि स्वतः पिकवून आणणाऱ्यांना प्रत्येक वॉर्डात बसायला हक्काची जागा असावी. आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तेव्हा आपण बहुतेक जण आपल्या गल्लीच्या रुंदीपलीकडे काही लिहीत नाही. या वेळी निदान नाल्याचा मुद्दा तरी लिहावा. अर्जाचा मसुदा मी मराठीत आणि हिंदीत तयार करत आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी खाली कळवावे.