ऐंशीला एक कमी

शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा निरोप आला : ‘पालकांनी रोज किमान पंधरा मिनिटे पाल्यासोबत अभ्यासाला बसावे.’ खाली दोन जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल. पंधरा मिनिटं म्हणजे काय, चहा निवायला लागतात तेवढी. मी लगेच अंगठा दाखवून टाकला. तो बायकोने पाहिला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “मराठी, इंग्रजी, चित्रकला, डबा, गणवेश, नखं हे माझ्याकडे. गणित तुमच्याकडे. तुम्ही हिशेबाचीच नोकरी करता ना?”

हे खरं आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो. दिवसभर जीएसटी, डझनाचे भाव आणि सुताच्या उधाऱ्या. त्यापुढे दुसरीचं गणित ते काय? शंभरपर्यंतचे आकडे, ऐकून अंकात लिहायचे. सोमवारी संध्याकाळी पायजमा घालून मी ऐटीत सतरंजीवर बसलो.

पंधरा मिनिटांतली पहिली सात पेन्सिलीला टोक काढण्यात गेली. टोक आलं, मोडलं, पुन्हा आलं. मग चिरंजीवांना तहान लागली, आणि तहानेच्या मागोमाग जे लागतं तेही लागलं. अखेर चौकटीची वही उघडली गेली.

“लिही, सत्तावीस.”

त्याने लिहिलं : 72.

“अरे, सत्तावीस!”

त्याने खोडरबर असा काही घासला की मागच्या पानावरची बेरीज दिसायला लागली. मग भोकाच्या शेजारी नीट वळण काढून पुन्हा लिहिलं : 72.

“पस्तीस?” 53. “तेरा?” 31. माझा आवाज चढत गेला आणि त्याचा खालचा ओठ बाहेर येत गेला. शेवटी तो म्हणाला, “पप्पा, पण तुम्हीच आधी सात म्हणालात ना?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. सत्ता-वीस. खरंच की, आधी सात, मग वीस. पोरगं जे ऐकत होतं ते इमानेइतबारे डावीकडून उजवीकडे लिहीत होतं. चूक त्याची नव्हती, आपल्या भाषेची होती, पण हे दुसरीतल्या पोराला सांगितलं तर पुढे मराठीच्या पेपरला तो तेच उत्तर देईल.

आतून अण्णा आले. माझे वडील. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, झालंच तर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, हे सगळं त्यांना अजून तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून सोळाची औटकी विचारा, ते छप्पन्न सांगून कुशीवर वळतील. त्यांचं निदान ठरलेलं असतं : पाठांतर नाही. “उजळणी घे रे त्याची!”

उजळणी घेतली. एकापासून शंभरापर्यंत पोरगं न थांबता धाडधाड गेलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की झालं, मिटला प्रश्न. मग मी नुसतं ‘सदुसष्ट’ विचारलं. तो बोटं मोडत एकसष्टपासून निघाला. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट... ही गाडी मधल्या स्टेशनात कुणाला चढू देत नाही. बसायचं तर मागच्या जंक्शनला जाऊनच.

दुसऱ्या दिवशीच्या रडारडीने शेजारच्या अज्जी दारात आल्या. हातात शेंगाच्या पोळीची ताटली. “काय ओ, कशाला रडवालाव लेकराला?” मी कारण सांगितलं. त्या पदराने तोंड पुसत हसल्या. “आमच्यात असलं काही नसतंय बघा. इप्पत्तेळु. इप्पत्तु म्हंजे वीस, एळु म्हंजे सात. बोलायचं तसं लिवायचं.” वरच्या मजल्यावर तेलुगू कुटुंब आहे, त्यांच्याकडेही तोच प्रकार : इरवै एडु, वीस सात. एका जिन्यात तीन भाषा आणि उलटी बोलणारी आमची एकटीची. चिरंजीव पोळी खाता खाता विचार करून म्हणाले, “पप्पा, आपण कानडी होऊ या का?”

मला तेव्हा 2019 चा जून आठवला आणि कानाच्या पाळ्या तापल्या. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’, बावीसच्या जोडीला ‘वीस दोन’ असं छापून आलं होतं. महाराष्ट्रभर हलकल्लोळ. विधानसभेत टोलेबाजी झाली, घराघरांतून विनोद सुटले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. त्या शांतपणे सांगत होत्या की बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने लहान मुलं गोंधळतात, जोडाक्षरं अडतात, आणि जुने शब्द काही काढून टाकलेले नाहीत. ऐकतो कोण? मी त्या आठवड्यात निदान चाळीस विनोद पुढे ढकलले होते. ‘मराठीची हत्या’ वगैरे शब्द स्वतःच्या अंगठ्याने टाइप केले होते. चिरंजीव तेव्हा रांगत होते. रांगत रांगत ते कुठे चालले होते, हे मला कळायला हवं होतं.

तरी विशीपर्यंत, तिशीपर्यंत रेटता येतं. खरी दलदल पुढे आहे. सहाचंच बघा. सोळात ‘सो’, सव्वीसात ‘सव्’, छत्तीसात ‘छ’, सेहेचाळीसात ‘सेहे’, पुन्हा छप्पन्नात ‘छ’, सहासष्टात एकदाचा उघड उघड ‘सहा’, की लगेच शहात्तरला ‘शहा’. प्रत्येक दहा घरांमागे आडनाव बदलून राहणारा इसम पोलिसांना सापडत नाही, तो सात वर्षांच्या पोराला कसा सापडावा?

आणि मग एकोण. हे मात्र मला समजावता आलं, त्याचा अभिमान आहे. एकोण म्हणजे एक ऊन, एकाने कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी. त्याचे डोळे चमकले. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत तो उड्या मारत गेला. “आता शंभरच्या आधीचा मी सांगतो! एकोणशंभर!”

“नाही रे. नव्याण्णव.”

“का?”

का, ते मला माहीत नव्हतं. अण्णांनाही नव्हतं, पण ते वर्तमानपत्र तोंडापुढे धरून माहीत असल्यासारखे बसले. आठ वेळा पाळलेला नियम नवव्या वेळी मोडणाऱ्या माणसांकडे बघावं तसं पोरगं आमच्याकडे बघत राहिलं.

शनिवारी त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. साबण, बिस्किटं, मीठ. दुकानदार म्हणाला, “एकोणनव्वद झाले.” मी ऐटीत कोड स्कॅन केला, रक्कम टाकली. काउंटरवरचा डबा ओरडला : “उन्यासी रुपये प्राप्त हुए.” दुकानदाराने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “साहेब, दहा कमी आले.”

मला कळेना. मी तर बरोबर टाकले होते. एकोणनव्वद म्हणजे सेव्हन्टी... तेवढ्यात खालून, कमरेच्या उंचीवरून, स्वच्छ आवाजात आलं, “नव्वदला एक कमी, पप्पा.” दुकानात मागे तीन गिऱ्हाइकं होती. त्यातलं एक आमच्या कारखान्यातलं.

कबूल करून टाकतो. वर्षानुवर्षं मी आकडे इंग्रजीतच बोलतो. फोन नंबर इंग्रजीत, बिलं इंग्रजीत, भाव इंग्रजीत. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद कानावर आले की मी चेहऱ्यावरची रेषा न हलवता मनातल्या मनात छापा-काटा करतो. मराठीसाठी चाळीस विनोद पाठवणारा माणूस तो हाच.

त्या दिवसापासून आमची बैठक बदलली. आकडे तो मला घालतो, मी लिहितो. चुकलो की खोडरबर तो चालवतो, आणि जरा जास्तच जोरात चालवतो. सत्तावीसवरचा तोडगाही त्यानेच काढला. दोन चौकटी घ्यायच्या, डावी रिकामी सोडायची, ऐकू आलेला सात आधी उजवीकडे बसवायचा, मग दोन डावीकडे. सिनेमाच्या थिएटरात मित्रासाठी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकतो तसं. बाईंना वही दाखवताना मी धास्तावलो होतो. त्या म्हणाल्या, “असू दे, बरीच मुलं करतात. सवय झाली की जाईल.” मग हळूच, “पेन्सिल जरा गडद चालवायला सांगा. दिसत नाही.”

मला वाटलं होतं, फिकट फक्त मलाच दिसतंय.

काल ‘माझे कुटुंब’ असा तक्ता भरायचा होता. नाव आणि वय, वय अंकात आणि अक्षरात. अण्णांचं झालं, आईचं झालं. “पप्पा, तुमचं?”

“एकोणचाळीस.”

त्याने दोन चौकटी आखल्या, पेन्सिल वर धरली आणि थांबला. “चाळीसला एक कमी.”

“हां. पण लिहिताना तीन आधी. म्हणजे पप्पा अजून तिशीतच आहेत, कळलं का?”

“मग बोलताना चाळीस का म्हणतात?”

त्याने 39 लिहून वही माझ्यापुढे केली. नीट दिसेना म्हणून मी ती जरा लांब धरली, मग आणखी जरा लांब, हात पुरेल तेवढी. स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हाताने बायको उभी होती.

“चाळिशी लागायला,” ती म्हणाली, “एकही कमी दिसत नाही.”