माडाच्या आळ्यापर्यंत विजेने

धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. त्याच्याकडे खरकटं सिंकच्या भोकात ढकलायचं, भिंतीवरचं बटण दाबायचं, घर्रर्र आवाज झाला की कचरा गायब. मालवणजवळच्या आमच्या गावच्या घरात नवीन ओटा बांधायला काढला, तेव्हा त्याने फोनवरच जाहीर केलं, "दादा, डिस्पोजर बसवूनच घे. आईला खरकटं घेऊन परड्यात जावं लागतं, या वयात बरं दिसत नाही." तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं, म्हणून त्याने मुंबईतून २३० व्होल्टचं पाठवलं. आमच्याकडे वीज असते तेव्हा ती २३० असतेच असं नाही, पण भावाच्या उत्साहापुढे व्होल्टेजचं कोण ऐकतो!

यंत्र सिंकच्या पोटाखाली लटकतं. वर रबरी झडप, आत एक गोल चकती. पाती-बिती काही नाहीत. चकतीवर दोन सुटे ठोकळे असतात. ती मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेते आणि ते ठोकळे खरकटं बाजूच्या दातेरी कड्यावर आपटून आपटून त्याचा भुगा करतात. मग पाण्याबरोबर तो पाइपात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदाने १९२७ साली हे बायकोसाठी बनवलं आणि १९३५ साली पेटंट मिळवलं. भला माणूस. फक्त त्याच्या बायकोला रोज नारळ फोडावा लागत नव्हता.

कारण यंत्राबरोबर आलेली पुस्तिका म्हणजे निव्वळ पथ्याची यादी. रेशाचं काही घालू नये. म्हणजे नारळाचा चोथा गेला, चघळलेल्या शेवग्याच्या शेंगा गेल्या, केळीची साल गेली, कांद्याची टरफलं गेली. भात जास्त घालू नये, फुगून लगदा होतो आणि पाइपात बसतो. शिंपले घालू नयेत, म्हणजे तिसऱ्यांचा रविवार गेला. कठीण बिया नकोत, म्हणजे आंब्याची बाठ आणि फणसाची आठळी गेली. तेल-तूप तर नकोच नको. मी हे मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि आई तांदूळ निवडत होती. शेवटी तिने मान वर केली.

"मगे ता खाता काय?"

दुधीची सालं, म्हटलं. काकडीची पण चालतील.

"ती गायीची."

आमच्या घरात मुळात कचरा नावाची वस्तूच नाही, हे मला यंत्र आल्यावर कळलं. बांगड्याची डोकी मांजराची. उरलेला भात कोंबड्यांचा. नारळाची सोडणं न्हाणीघरातल्या चुलीची, करवंटी तिच्या पाठोपाठ. फणसाची चारखंडं, म्हणजे काटेरी सालं, गोठ्यात. पिळलेल्या कोकमाने तांब्याचा हंडा घासायचा. प्रत्येक सालपटाचा कोणी ना कोणी वारस परड्यात उभा असतो, आणि या जुन्या वहिवाटीत एक नवीन मोटार येऊन हिस्सा मागायला लागली. कोकणात अशा गोष्टींवरून दिवाणी दावे चालतात.

पाण्याचं निराळंच. मोटार सुरू करण्याआधी गार पाण्याचा नळ सोडायचा, दळण संपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवायचा. गार का, तर चुकून गेलेलं तूप-तेल गारठ्याने घट्ट होऊन त्याचे कण दळले जातात आणि वाहून जातात. गरम पाण्यात ते वितळतं आणि पुढे पाइपात जाऊन गोठतं. शास्त्र बिनचूक आहे. पण मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतून जे पाणी येतं त्यात चहाची पूड टाकली तर रंग धरेल. आमचं खोबरेल पंचविसाच्या खाली पारा उतरला तरच गोठणार, म्हणजे वर्षातून काही थंडीच्या पहाटे. शिवाय मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असतो. आई नळाशी उभी राहून, दळणाला किती कळशा गेल्या, हे यंत्राला ऐकू जाईल अशा आवाजात मोजते.

खरी गंमत पाइपाच्या दुसऱ्या टोकाला आहे. या यंत्राने भुगा करायचा आणि पुढचं नगरपालिकेच्या गटाराने बघायचं, असा मूळ करार. न्यूयॉर्कमध्ये तर पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून वाहणाऱ्या भागांत या यंत्राला बंदीच होती, ती १९९७ साली उठली. आमच्याकडे बंदी घालायलासुद्धा गटार नाही. सिंकचा पाइप भिंतीतून बाहेर पडतो आणि मागल्या दारच्या माडाच्या आळ्यात संपतो. आई इतकी वर्षं पातेलं घेऊन जिथे ओतत होती तिथेच. आता तेच खरकटं विजेचं बिल भरून जातं.

कोंबड्यांनी हे सर्वांत आधी ओळखलं. घर्रर्र झालं की गोठ्यामागून, गवताच्या गंजीखालून, जिथे असतील तिथून पंख पसरून धावत येतात आणि पाइपाच्या तोंडाशी माना वाकड्या करून उभ्या राहतात. पूर्वी त्यांना भात चोचीने फोडावा लागायचा, आता भरडून मिळतो. आमची तांबडी कोंबडी तर वीज गेली की सिंकच्या खिडकीवर येऊन ओरडते.

मे महिन्यात चाकरमानी आले. वीस माणसांचं घर, तीन फणस फोडलेले आणि पोरांना बटणाचं भारी कौतुक. कुणीतरी पावासकट, म्हणजे मधल्या दांड्यासकट, चारखंड आत सारलं. घर्रर्रचं हुंऽऽ झालं आणि मग शांतता. फणसाचा चीक रबरी झडपेला लागला होता, तो साबणाने निघेना. आईने खोबरेलाचं बोट फिरवून तेवढा काढून दिला. पंप दुरुस्त करणारा वायरमन आला, त्याने यंत्राला कान लावला आणि म्हणाला, "वाइंडिंग करूक व्हया." त्याच्याकडे सगळ्या मोटारींचं हेच निदान असतं. वास्तविक प्लग काढायचा, हात न घालता चिमट्याने अडकलेलं उपसायचं, बुडाच्या मधल्या भोकात ॲलन की, म्हणजे षटकोनी वाकडी चावी, घालून दोन्हीकडे हिसके द्यायचे आणि खालचं लाल बटण दाबायचं. ओट्याखाली उताणं पडून हे केलं की यंत्र सुरू होतं आणि डोक्यावर एक झुरळ पडतं. पुस्तिकेत झुरळाचा उल्लेख नाही.

वास येऊ नये म्हणून अधूनमधून त्यात बर्फाचे खडे आणि लिंबाची साल दळायची असते. लिंबाची सालं लोणच्यातून सुटत नाहीत. बर्फ मिळतो, पण त्या दिवशी सोलकढी कोमट प्यावी लागते.

यंत्र बघायला वाडीतली माणसं अजून येतात. परवा शेजारचे काका आले. बराच वेळ वाकून भोकात बघितलं.

"ह्येच्यात सुपारी सोलून होतली काय गो वहिनी?"

"नाय हो भावजी. तेका सगळा मऊमऊच लागता."

"म्हणजे माझ्यासारखोच," काका म्हणाले आणि कवळी सावरत चहाला बसले.